व्याह्यांचं अपुरं व्याख्यान

आमच्या व्याह्यांइतका एकनिष्ठ माणूस अख्ख्या परळमध्ये शोधून सापडायचा नाही. लोक देवाशी एकनिष्ठ असतात, पक्षाशी असतात, क्वचित बायकोशीही असतात. आमचे व्याही एका इंग्रजी क्रियापदाशी एकनिष्ठ आहेत. तेही साधंसुधं क्रियापद नव्हे, शेपूट असलेलं. 'पुट अप'. कोणी त्यांना गुडघ्याबद्दल विचारलं, पावसापाण्याबद्दल विचारलं किंवा विहीणबाईंनी नुसतं "तेवढा डबा फळीवर ठेवा" म्हटलं, तरी दुसऱ्या वाक्याला ते इंग्लंडात असतात आणि तिसऱ्या वाक्याला सतराव्या शतकात. विहीणबाई मग डबा स्वतःच ठेवतात.

हे गृहस्थ आमच्याच चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे आणि आम्ही दुसऱ्या. माझ्या मुलीचं माहेर आणि सासर यांच्यात एका जिन्याचं अंतर होतं, त्यामुळे पाठवणीच्या वेळी ती काही रडली नाही. रडलो मी. वरच्या मजल्यावरून पाणी सांडलं की यापुढे आपल्याला भांडता येणार नाही, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं होतं. व्याही एका रात्रशाळेत इंग्रजी शिकवायचे. गिरण्या चालू होत्या तेव्हा दिवसपाळी आटोपून कामगार त्यांच्या वर्गात येऊन बसायचे, कानात कापूस घेऊन, अंगाला तेलाचा वास घेऊन, आणि दहावीच्या परीक्षेची तयारी करायचे. एकदा 'पुट अप विथ' म्हणजे सोसणे, असं त्यांनी फळ्यावर लिहिलं, तेव्हा त्यांच्यातल्याच एका मालवणी विद्यार्थ्याने उभं राहून विचारलं, "सर, पुट म्हणजे ठेवणा, अप म्हणजे वर, विथ म्हणजे वांगडा. मगे सायबाचा सगळा सोसूचा, तेका 'वर ठेवणा' कित्याक म्हणतत?" व्याह्यांनी घड्याळ बघितलं. उद्या सांगतो म्हणाले. पुढे संप झाला, तो विद्यार्थी गावी निघून गेला, गिरण्यांबरोबर रात्रशाळाही ओस पडली आणि व्याह्यांच्या हातात तेवढा प्रश्न राहिला. त्याचं उत्तर शोधायला त्यांनी उरलेलं आयुष्य वाहिलं. दुसरा कोणी असता तर त्याने पाठ्यपुस्तकात दिलंय तसं पाठ करा म्हणून सांगितलं असतं. मीच सांगितलं असतं.

इथे माझ्या इंग्रजीबद्दल सांगणं भाग आहे. मी सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागलो आणि हेडक्लार्क म्हणून सुटलो. एवढ्या काळात मी इंग्रजीत एकच वाक्य लिहिलं, पण ते न कंटाळता लिहिलं: 'पुट अप फॉर ऑर्डर्स, प्लीज.' तरीही 'यांचं इंग्रजी चांगलं आहे' अशी चाळीत माझी ख्याती होती आणि ती मी कधी खोडून काढली नाही. कोणाचं इंग्रजी पत्र आलं की लोक माझ्याकडे घेऊन यायचे. मी चष्मा लावून ते गंभीरपणे वाचायचो, "हं, अवघड आहे," म्हणायचो आणि पत्र परत द्यायचो. अवघड असायचं हे खरंच.

मुलीच्या लग्नाची बैठक बसली तेव्हा या ख्यातीचा कस लागणार होता. मुलाचे वडील इंग्रजीचे मास्तर. देण्याघेण्याचं काही इंग्रजीतून काढलं तर काय उत्तर द्यायचं, याची मी आदल्या दिवशी आरशासमोर उजळणी केली होती. व्याह्यांनी चहाचा घोट घेतला आणि विचारलं, आपण कचेरीत नेमकं काय करता? मी घाबरून खरं ते सांगून टाकलं: "फायली साहेबांकडे पुट अप करतो." त्यांनी कप खाली ठेवला. डोळ्यांत पाणी आलं होतं की काय, नक्की सांगता येत नाही, पण मला त्यांनी मिठी मारली ती सगळ्यांनी पाहिली. वरिष्ठांसमोर कागद ठेवणे या अर्थाने विलायतेत आता हा शब्द फारसा कोणी वापरत नाही, तो इथे परळमध्ये या माणसाने जिवंत ठेवलाय, असं ते मोठ्या आवाजात म्हणाले. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. पुढे बायकांनी मुहूर्त ठरवला, याद्या झाल्या, पेढे वाटले गेले, आणि आम्ही दोघे खिडकीशी उभे राहून जुन्या इंग्लंडातल्या अर्जविनंत्यांबद्दल बोलत होतो. म्हणजे ते बोलत होते.

नातं जुळल्यावर मात्र मला कळून चुकलं की मी मुलगी दिली ती एका घरात आणि स्वतः अडकलो तो एका वर्गात. घरी नवा पाहुणा आला की व्याही पहिला प्रश्न टाकायचे, "व्हेअर आर यू पुटिंग अप?" पाहुणा बिचारा सांगायचा, भायखळ्याला मावशीकडे. की लगेच हा प्रश्न मुळात माणसाला नव्हताच, घोड्याला होता, असं सुरू व्हायचं. प्रवासी धर्मशाळेत पोचला की आधी घोडा तबेल्यात ठेवायचे, तो 'पुट अप'. मग घोड्यामागून मालकही त्याच शब्दात मुक्कामाला आला. पाहुण्याला आपण घोड्यामागून आलो हे कळेपर्यंत चहा निवलेला असायचा. एकदा गॅलरीत पाण्यावरून दोघा शेजाऱ्यांची जुंपली, हातघाईवर आली. व्याही मध्ये पडले आणि म्हणाले, पूर्वी इंग्लंडात अपमान झाला तर शहाणा माणूस तो घडी करून खिशात ठेवायचा, त्याला 'पुट अप' म्हणत, तुम्हीही ठेवा. दोघांनीही उगारलेले हात खाली घेतले. चाळीत आजही मानतात की सरांच्या शब्दाने भांडण मिटलं. माझ्या मते, आता व्याख्यान होणार या भीतीने ते दोघे घरात पळाले. माझी मुलगी तर म्हणायची, "बाबा, तुम्हाला गणपतीत एकदाच ऐकायचं असतं. मी रोज रात्री सतराव्या शतकात जेवते."

गणपतीतलं म्हणजे मंडळाचं. आमच्या चाळीच्या गणपतीत एक संध्याकाळ रहिवाशांच्या कार्यक्रमांसाठी असते. मुलांचे नाच, कोणाची नक्कल, कोणाचं भावगीत, प्रत्येकाला पंधरा मिनिटं, मग आरती. रात्रशाळा बंद झाली त्या वर्षी व्याह्यांनी या कार्यक्रमात आपलं नाव दिलं. विषय, 'पुट अप विथ: उगम आणि प्रवास'. पहिल्या वर्षी 'पुट'वरच वेळ संपला. दुसऱ्या वर्षी तलवार आली. 'पुट अप' म्हणजे उपसलेली तलवार परत म्यान करणे, हे दाखवायला त्यांनी छत्री आणली होती, ती कव्हरात जाईना, आणि त्यातच वेळ गेला. तिसऱ्या वर्षी शिकारी झुडपातून ससा उठवतो तोही 'पुट अप', असं म्हणून त्यांनी उडी मारून दाखवली आणि मुलांनी वन्स मोअर दिला. असं वर्षाला एक पाऊल पुढे. दर वर्षी ते मागचं थोडक्यात सांगायचे, आणि मागचं वाढत गेल्यामुळे पुढचं कमी होत गेलं. वेळ संपला की घंटा वाजवायचं काम माझं, कारण मी मंडळाचा चिटणीस. दुसऱ्या कोणाला ते पद नको होतं म्हणून मी होतो, पण निःपक्षपातीपणाचा मला मोठा अभिमान. प्रत्यक्ष व्याह्यांवर घंटा वाजवणारा चिटणीस मुंबईत दुसरा नसेल, असं मी लोकांना सांगायचो. खरं सांगायचं तर, घंटेची वेळ कळावी म्हणून बायको मला कोपराने ढोसून जागं करायची. त्या रात्री विहीणबाई आमच्याकडे प्रसादाची वाटी पाठवायच्या, पण वाटीत खोबरं कमी असायचं.

मग चाळीचा पुनर्विकास ठरला. करारांवर सह्या झाल्या, दिवाळीनंतर जागा खाली करायची असं ठरलं. कोणी भाड्याने शीवला जागा बघितली, कोणी विरारला, आम्ही बदलापूरला. तीन वर्षांत नवी इमारत उभी राहील असं बिल्डर म्हणाला, आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. शेजारच्या चाळीला तो काय म्हणाला होता हे कोणी काढलं नाही. चाळीतला तो शेवटचा गणपती. मंडळाचा अध्यक्ष म्हणजे परवा परवापर्यंत सशाच्या उडीला वन्स मोअर देणारा पोरगा, आता नोकरीला लागलेला. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "काका, या वर्षी दुसरं काही नको. अख्खी संध्याकाळ सरांना देऊया." मी वरकरणी आढेवेढे घेतले. चिटणीसाने घ्यायचे असतात.

त्या दिवशी व्याह्यांनी सदरा स्वतः इस्त्री केला. जिन्यात मला थांबवून म्हणाले, "व्याही, यंदा 'विथ' गाठायचंच. इथे सुरू केलंय, इथेच संपवायचं. उद्या नव्या जागी मला ऐकणार कोण?" इतकी वर्षं मी त्यांना हसलो होतो, पण हे एवढं त्यांच्या जिवाला लागलेलं असेल असं मला वाटलं नव्हतं. पुरे ऐकणारे समोर आणि पुरा वेळ हातात, एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते मिळण्याची ही शेवटची खेप होती.

मांडव भरला. पूर्वीच चाळ सोडून गेलेले लोकही आले होते. ते काही 'पुट अप'साठी आलेले नव्हते, चाळीला बघायला आलेले होते, हे मला समजत होतं आणि व्याह्यांनाही समजत असावं. पण त्यांनी बोलायला सुरुवात केली आणि मी, जो दर वर्षी पाचव्या मिनिटाला पेंगायचो, तो जागा राहिलो. तलवार म्यानात गेली. मग तलवारीसारखाच अपमान खिशात गेला. माणूस हात न उचलता सगळं आत ठेवायला शिकला आणि त्यालाच सोसणं म्हणू लागले, असं त्यांनी सांगितलं. त्या मालवणी विद्यार्थ्याचा प्रश्न सांगितला, तेव्हा पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकाने डोळे पुसले. असे किती साहेब त्याने खिशात ठेवले असतील. मला माझेही दोन-चार आठवले. शेवटी ते म्हणाले, "आता राहिला 'विथ'. हा शब्द मागून येऊन चिकटला. का चिकटला, ते बघू." आणि पाणी प्यायले.

पाणी पिऊन त्यांनी पेला खाली ठेवला. एकेका रांगेकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हात बगलेत घालून बसलो होतो; त्या दिवशी घंटेला मी शिवणार नव्हतो. ते थोडं हसले आणि म्हणाले, "आज इथेच थांबू. 'विथ'चं नव्या इमारतीच्या गणपतीत सांगेन. सगळ्यांनी यायचं." क्षणभर कोणाला काही समजलं नाही. मग अध्यक्षाने टाळ्या वाजवल्या आणि सगळा मांडव वाजवत राहिला.

जिना चढताना मी त्यांच्यावर चिडलो. एवढा वेळ होता, लोक होते, जन्मभर याचीच वाट बघितलीत ना, म्हटलं. ते मधल्या पायरीवर दम खायला थांबले. "होता हो वेळ," ते म्हणाले. "पण समोर बघितलं आणि वाटलं, ही माणसं उद्या पांगणार. सगळं सांगून टाकलं, तर परत कशाला येतील?"

एका 'विथ'साठी विरारहून कोणी येत नाही, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण हेडक्लार्क असलो तरी मी अगदीच दगड नाही. मी त्यांचा हात धरला आणि त्यांना वरपर्यंत सोडून आलो.

आता ते शीवला आहेत, मुलगी त्यांच्याबरोबर आहे, आणि आम्ही बदलापूरला. चाळीच्या जागी सध्या पत्र्याचं कुंपण आहे. व्याह्यांचं वय आणि बिल्डरची तीन वर्षं यांचा हिशेब मी मनात करायला घेतो आणि अर्ध्यावर सोडून देतो. तो 'विथ' का चिकटला, हे मोबाईलवर बघितलं तर मला आत्ता कळेल. मुलीने एकदा बघून सांगते म्हटलंही होतं. मी तिला नको म्हणालो. मला ते त्यांच्याच तोंडून ऐकायचंय, मांडवात, सगळ्यांमध्ये बसून.