शेंगदाण्यांनी मोजलेलं अनंत

"दोन्ही गट अनंत. तरी एक दुसऱ्यापेक्षा लहान? मुजावर मॅडम, हे कसलं माप?" आमचे विभागप्रमुख चौगुले सर म्हणाले आणि माझा पीएच.डी.चा अर्ज त्यांनी परत सरकवला. सरांची सही नाही, तर विषय रद्द. आणि माझा त्या विषयावर जीव जडला होता.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. कोल्हापुरात मी गणित शिकवायचे. विषय होता कॉम्प्लेक्सिटी क्लास, म्हणजे संगणकाला ठराविक वेळात सुटणाऱ्या प्रश्नांचा गट. तो गट केवढा, हे मला मोजायचं होतं. असा प्रश्न म्हणजे हो-नाही उत्तरांची न संपणारी माळ. एक ही मूळ संख्या आहे का? दोन? तीन?

मी डब्यातले भाजके शेंगदाणे टेबलावर ओतले. "सर, पैज लावून मोजायचं. तुम्ही मनात एक नियम धरा आणि व्हय-न्हाय म्हणत चला. पुढच्या उत्तरावर मी दाणे लावते. एकाच युक्तीनं गटातल्या प्रत्येक माळेवर हवे तेवढे दाणे जिंकता आले, तर त्या गटाचं माप शून्य."

सरांनी मूळ संख्या धरल्या. मी जिंकले. मग वर्गसंख्या धरल्या. पुन्हा मीच. युक्ती साधी होती. थोडे थोडे दाणे सगळ्या नियमांवर वाटून ठेवायचे. खोट्या नियमांवरचे बुडतात, खऱ्यावरचे दुप्पट होत जातात.

सर इरेला पेटले. "आता नियमच न्हाय. मनाला येईल ते बोलतो. लावा." डोळे मिटून सुरू झाले, "व्हय. व्हय. न्हाय. व्हय. न्हाय..."

आधी मी हरले. मग बघितलं, दर शब्दाला सरांची मान थोडी पुढं वळतेय. सर आणि मी मंगळवार पेठेतल्या एकाच गल्लीतले.

"सर, तुम्ही आपल्या गल्लीतनं चाललाय की. ज्या घरात पैलवान, तिथं व्हय; बाकी न्हाय. आता आमचं घर. न्हाय."

सरांनी डोळे उघडले. "आणि तुझा भाऊ गं? तो पैलवानच की."

"तो तालमीतनं पळून आला, सर."

सर डोळ्यांत पाणी येईतो हसले. मीही हसले. मग त्यांनी खिशातून नाणं काढलं. छापा व्हय, काटा न्हाय. बघता बघता माझे दाणे संपले. हरल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता, कारण मला तेच दाखवायचं होतं. सगळ्या माळा धरल्या तर युक्ती हरते. ठराविक वेळात सुटणाऱ्या प्रश्नांच्या माळांवर मात्र ती जिंकत राहते. म्हणून त्यांचा गट अनंत असून माप शून्य.

"नाण्याला गल्ली न्हाय म्हणायची," सर म्हणाले, आणि जिंकलेले दाणे खात त्यांनी सही केली.

पुढं पीएच.डी. झाली. पण एक गोष्ट प्रबंधात लिहिता आली नाही. गणिताच्या माणसाला मनाला येईल तसं चालायला सांगितलं, की तो आपल्या घरी निघतो.