नाणेफेकीपुरतं नाणं

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत दरवर्षी बायकांचा क्रिकेट सामना होतो, ए विंग विरुद्ध बी विंग. यंदा दोन्ही कप्तान टॉसला उभ्या राहिल्या आणि लक्षात आलं की कुणाकडेच नाणं नाही. भाजीपासून रिक्षापर्यंत सगळे मोबाइलवरून पैसे देणारे. सेक्रेटरींनी खिसे उलटे केले, तर चावी आणि बडीशेप निघाली.

"तुझ्या बाबांकडे आहे ना गं एक!" आमची कप्तान मला म्हणाली.

होतं. बाबांचा लाडका फलंदाज, जो पुढे समालोचक झाला, त्याच्या सन्मानार्थ सरकारने काढलेलं. बाबांनी ते आधीपासून नोंदवून मागवलं होतं आणि सीलबंद डबीत शोकेसमध्ये ठेवलं होतं. आई तिथली धूळसुद्धा त्यांना विचारून पुसायची. बाबांच्या मते तो माणूस खेळला झकास, पण बोलला त्याहून भारी.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून बाबा आमच्याशी हं आणि हूं एवढंच बोलत. बाकी सगळं बोलणं टीव्हीवरच्या मॅचशी. यंदा आपण सामन्याचं समालोचन करावं अशी त्यांना फार हौस होती. कमिटीकडे त्यांनी तसं सांगितलंही, पण कमिटीने माइक डीजेच्या हातात दिला. मग बाबा रुसून वर बसले.

सेक्रेटरी माझ्यासोबत वर आले. "काका, वाट लागलीय. ते नाणं द्या ना."

"सील तोडलं की त्याची शान गेली."

"टॉसपुरतंच हो!"

बाबांनी चष्मा पुसला. "माइक कुणाकडे आहे?"

डीजेला वडापाव खायला पाठवण्यात आलं. बाबांनी माझ्यादेखत कात्रीने सील कापलं.

नाणं उडालं. "ज्या बाजूला तो आहे, तो छापा," असं जाहीर करून बाबांनी माइकवर त्याची अख्खी कारकीर्द सांगितली. टॉस कोण जिंकलं हे सेक्रेटरींना ओरडून सांगावं लागलं.

मी सलामीला गेले आणि पहिल्याच चेंडूवर त्रिफळा उडाला.

"ही माझी मुलगी," माइक म्हणाला. "पाय हलवत नाही. लहानपणापासून सांगतोय."

सगळ्या गॅलऱ्या हसल्या. बाबा पुढे कितीतरी वेळ माझ्या पायांवरच बोलत होते. एरवी मी भांडले असते. त्या दिवशी बॅट काखेत धरून कठड्यावर बसले आणि मनात म्हटलं, बोला बाबा, थांबू नका.