बाभळीखालचं बीळ

फुरसं मारायला मीच सांगितलं. मुलाने मारलं. मस्कतच्या बाहेर त्याच्या वर्कशॉपमागे कंपनीने दिलेलं घर होतं. तिथल्या पायरीशी ते वेटोळं घालून अंगाला अंग घासत होतं. करवत चालावी तसा आवाज. आमच्या रत्नागिरीकडच्या बागेत हा आवाज आला की हातातलं टाकून काठी घ्यायची. इथेही घेतली. वाळूच्या देशात आपल्या गावचं जनावर कसं, हे मात्र मला कळेना.

त्यानंतर दीड महिन्याने सुनेचा गर्भ पडला. दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी कुणी काही मारलं नव्हतं, तरी मला ते फुरसंच दिसायला लागलं.

नाग मारला तर वंश अडतो, असं आमच्याकडे मानतात. त्यात फुरसं धरायचं का? माझ्या सासूने जन्मात वीसएक फुरशी ठेचली असतील, आणि तिला सात मुलं झाली. गावी फोन लावून धाकट्या जावेला विचारलं. ती म्हणाली, "फुरशाचा दोष आपल्याकडे लागत नाही, वहिनी. तिथलं मला काय ठाऊक?"

सुनेला पुन्हा दिवस गेले. तिसऱ्या महिन्यात नागपंचमी आली. मी विळी धरली नाही, तवा ठेवला नाही. हळदीची पानं मिळाली नाहीत म्हणून केळीच्या पानात पातोळे उकडले आणि दूध वाटीत काढलं.

सून बघत होती. "आई, माझ्या पोटाचा आणि त्या सापाचा काय संबंध?"

"नसेल तर नसेल. वाटीभर दूध माझं जातंय, तुझं काय जातंय?"

"दूधही तुमच्या मुलाच्या पगाराचंच आहे."

वारूळ तिथे कुठून असणार? कुंपणापलीकडे खडकाळ माळावर एका बाभळीखाली मोठं बीळ होतं. ऊन चढायच्या आत गेले. हळदकुंकू वाहिलं, लाह्या टाकल्या, दूध ठेवलं. हात जोडून म्हटलं, "मारायला मी सांगितलं. माझं काय ते माझ्याशी बघ. त्या पोरीच्या पोटाला हात लावू नकोस."

आत खरवडल्यासारखं झालं. तोंड बाहेर आलं. चपटं, बोळक्या म्हाताऱ्यासारखं. मग पाय दिसले. एक, दोन, चार. मागे काट्यांची जाड शेपटी. घोरपड म्हणावी, तर घोरपडीची शेपटी अशी नसते. दुधाकडे त्याने बघितलंही नाही.

बकऱ्या राखणारा एक म्हातारा ओमानी मागे उभा राहून हसत होता. "अम्मा, ये धब्ब. दूध नहीं पीता, पानी भी नहीं. घास खाता." पूजा कशाला, ते मी मोडक्या हिंदीत सांगितलं. मग जवळ येऊन म्हणाला, "तुम्हारा लड़का को खिलाओ. बच्चा होता, इन्शाल्ला."

मी मुलासुनेच्या पोरासाठी त्याच्या पाया पडत होते, आणि इथली माणसं पोरासाठी त्याला शिजवत होती. माझा नमस्कार नक्की गेला कुठे?

घरी आल्यावर मुलाने विचारलं, "काय गो आये, झाली पूजा?"

"झाली. पाय होते त्याला."

"कुणाला?"

सांगितलं तशी सून इतकी हसली की मला ओरडावं लागलं, "पुरे! पोट सांभाळ आधी."

नऊ महिने भरले आणि नात झाली. दोष होता की नव्हता, नमस्कार पोचला की डॉक्टरांच्या गोळ्या लागू पडल्या, मला आजही सांगता येत नाही. त्यात एका शुक्रवारी मुलगा त्या म्हाताऱ्याकडे जेवून आला होता. काय जेवलास, हे मी विचारलं नाही.

पुढच्या नागपंचमीला नातीला कडेवर घेऊन त्या बाभळीखाली गेले. दूध नेलं नाही. मेथीची जुडी ठेवली आणि लांब उभी राहिले. बिळातून बाहेर येऊन त्याने ती जुडी खाल्ली.