जयवंताचा घसा

भोईवाड्यातल्या त्या चाळीत पहाट व्हायची ती जयवंताच्या घशातून. गुणाजी विणकराचा हा मुलगा बी.एस्सी.ला गणित घेऊन बसला होता, आणि मनातल्या मनात वाचलेलं त्याच्या डोक्यात म्हणून शिरत नसे. गॅलरीत उभा राहून तो इंग्रजी प्रमेयं खणखणीत घोकायचा. पहिल्या पाळीच्या लोकांनी भोंग्यावर विसंबणं सोडून दिलं होतं. एवढं करून स्वारी शेवटच्या परीक्षेत दोनदा आपटली. आता आपटलास तर मुकाट गिरणीत साच्यावर कापड विणायला यायचं, असं गुणाजीने बजावलं होतं.

त्यात संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. असला आवाज फुकट घालवील ती चाळ कसली! परीक्षा तोंडावर असताना समितीच्या मोर्च्यात सगळ्यांनी त्यालाच पुढे काढलं, आणि लालबागपासून घोषणा देता देता गड्याचा घसा पार बसला. डॉक्टरांनी मौन सांगितलं. महाराष्ट्र मिळायचा तेव्हा मिळेल, जयवंताचा पेपर मात्र पुढच्या सोमवारी होता.

तो पुस्तक उघडून नुसते ओठ हलवी. डोक्यात काही उतरेना. अगदी रडकुंडीला आला बिचारा.

शेजारी गंगुबाई राहायची. मालवणकडची, गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात, लिहिण्यावाचण्याशी उभं वैर. मधे फळ्यांची भिंत, त्यामुळे दोन वर्षं जयवंताचं गणित तिच्याही कानावर पडत होतं. त्याचा चेहरा बघून ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "रे झिला, तुझा ता सगळा माका पाठ हा. मी म्हणतंय, तू ऐक."

आणि बाईने डोळे मिटून जात्यावरच्या चालीत सुरुवात केली. उच्चारांची पार चटणी झाली होती, पण 'लेट' आणि 'देअरफोर' जिथल्या तिथे. जयवंत हसू दाबत ऐकत होता. तेवढ्यात ती 'डिवायडिंग' म्हणाली आणि त्याचं हसू विरलं. भागायचं ते कशाने? ते शून्य असलं तर? शून्याने भागू नये हे शाळेतल्या पोरालाही कळतं. ते शून्य नाही, हे आधी सांगायला हवं होतं. त्याने पुस्तक बघितलं, तर ती ओळ तिथे होती. गंगुबाईने काही गाळलं नव्हतं. दोन वर्षं तोच ती ओळ गाळत होता, तेही चाळ उठवून. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग रोज पाळी सुटली की गंगुबाई म्हणायची आणि जयवंत ओळीओळीला हात वर करून तिला थांबवायचा. हे असंच का, असं तो आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला विचारत होता. आपल्या चुका काढतोय असं वाटून बाई थोडी फुगलीसुद्धा, पण तिने म्हणणं सोडलं नाही.

पेपरात तिने म्हटलेल्यातलं एकही प्रमेय आलं नाही. आलं ते जयवंताने कधी घोकलंच नव्हतं. तो घाबरला, पण मग प्रत्येक पायरीला 'का' विचारत शेवटपर्यंत पोचला.

घरी आला तर गंगुबाई खाडा करून गॅलरीत उभी. "आपला इला काय रे?" तिने विचारलं.

जयवंताचा आवाज नुकता कुठे फुटू लागला होता. "इला गे मावशे," तो म्हणाला. "तुझ्याच तोंडचा लिवून इलंय."

निकाल लागला तेव्हा गुणाजीने पहिला पेढा तिच्याच हातावर ठेवला. आपण पास झालो, असं चाळीला ऐकवत तिने तो खाल्ला, आणि जयवंताने मान डोलावली.