कर्णा आणि कानातलं मशीन

पाळकसाहेब आज चर्चमध्ये शेवटच्या लढाईवर बोलत होते. हर्मगिदोन, आकाशातला कर्णा, कबरींतून उठणारी माणसं. पुढच्या बाकावरची बाई पदराने चष्मा पुसत होती, जगाचा अंत नीट दिसावा म्हणून की काय. मी नुसता बघत राहिलो. बाबांना पुरून आठ दिवस झाले, मला अजून काहीच वाटत नाही.

त्या दिवशी शवपेटी बंद करताना त्यांच्या कानातलं मशीन काढायला गेलो, तर आईने हात धरला. "राहू दे. कर्णा वाजल्यावर ऐकू यायला नको त्यांना?"

अंताची तयारीसुद्धा माणसं अशी घरगुतीच करतात.

आता बाकावर शेजारून आई हळूच म्हणाली, "सेल नवा होता ना रे?"

"हो," म्हणालो.

सेल कधीचाच संपला होता. बाबांनी एकदाच सांगितलं होतं. "उद्या आणतो," मी म्हटलं होतं. तेही त्यांना ऐकू गेलं नसणार.