पेटी की भिंग

आमच्या घरात कॅमेऱ्याच्या बाबतीत शेवटचा शब्द माझा असायचा. मला त्यातलं जास्त कळायचं म्हणून नव्हे. माझा आवाज मोठा होता म्हणून.

माझे यजमान बुलढाण्याला कचेरीच्या रस्त्यावर फोटो काढायचे. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला बांधलेलं होतं. मोठे साहेब नागपूरहून यायचे, बदलून जायचे, आणि जाणाऱ्या प्रत्येक साहेबाबरोबर कारकुनांना एक फोटो हवा असायचा. त्यावर आमचं चालायचं. मी मराठी चौथी पास. फोटो म्हणजे भिंतीला टांगायची वस्तू, एवढंच लग्नाआधी मला माहीत होतं.

मी या कामात पडले ती गोषामुळे. आसपासच्या गावांत मोठ्या शेतकऱ्यांची काही घरं अशी होती की त्यांच्या बायका परक्या पुरुषासमोर येत नसत. फोटो मात्र त्यांना हवे असत. मग यजमानांनी मला शिकवलं. काळ्या फडक्याखाली डोकं घालायचं, दुधी काचेवर माणसं उलटी दिसतात ती स्वच्छ दिसेपर्यंत पेटी पुढेमागे करायची, जिच्यावर चित्र उमटतं ती काचेची प्लेट घालायची, भिंगाचं झाकण काढायचं, मनात मोजायचं, झाकण लावायचं. यात विद्या फार नाही. भाकरी करपू न देणारी कोणतीही बाई हे करू शकते. पण आमच्या भागात दुसरी कोणी करते असं मी ऐकलं नव्हतं, आणि ऐकायची माझी तयारीही नव्हती. मी स्वतःला फार मोठी समजू लागले होते.

आमची पेटी जुनी होती. पेटीच्या पुढच्या आणि मागच्या फळीमध्ये घड्यांचा भाता असतो, लोहाराच्या भात्यासारखा. त्याचं मूळचं कातडं फाटून गेलं होतं, म्हणून मी काळं कापड दुहेरी शिवून नवा भाता करून दिला होता. शिवण माझी, तेव्हा तिच्यातून उजेड शिरायचा हे सांगायला नको. उजेड शिरला की फोटोवर पांढरा पट्टा उमटतो. एका वकिलांच्या कपाळावर तो बरोबर आडवा उमटला. वकील कट्टर वैष्णव, उभं गंध लावणारे. त्यांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, "मले भस्म फासाले तुमाले कोनं सांगतलं होतं?" फोटो तिथेच टाकून ते निघून गेले.

त्या वर्षी हाताशी थोडं साठलं होतं. एकच वस्तू येऊ शकत होती. यजमानांना भिंग हवं होतं. रुंद घेणारं भिंग असतं म्हणे, जवळून काढलं तरी बाजूची माणसं तुटत नाहीत. मला पेटी हवी होती.

"चित्र भिंग काढते," ते म्हणाले. "पेटी नुसता अंधार धरते."

"अंधार धराले तरी पेटी धड लागते ना? वकील इसरले काय?"

"तो भाता मी नीट चिकटवून घेतो. लेन्स पाह्य ना तू. लेन्सनं काम वाढन."

"लिंबायेवढी वस्तू ते. कोनाले दिसनार हाय? पेटी घेऊन मी घरात गेली तं लोक पेटी पाह्यतात. भिंग कोनी पाह्यत नाई."

"भिंगच तं त्याईले पाह्यते."

मग मी आवाज चढवला. पेटी आली. नागपूरहून मलकापूरपर्यंत रेल्वेनं आणि तिथून मोटारीनं घाट चढून आली. सागवानी लाकूड, पितळी कोपरे, आणि तांबड्या कातड्याचा भाता. त्यात उजेड शिरायला फटही नव्हती. मी तिच्याकडे पाहत बसायची. नवऱ्याकडे मी एवढं कधी पाहिलं नाही.

त्याच उन्हाळ्यात धाडच्या बाजूच्या एका गावाहून बोलावणं आलं. घर पाटलाचं, जमीन भरपूर, गोषा कडक. घरची थोरली बाई विधवा होती आणि घर तिच्या मुठीत होतं. तिला चार सुना, चार लेकी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या होत्या. आपण आणि आठही जणी एका फोटोत पाहिजे, असं तिनं सांगून पाठवलं होतं. लेकी चार वेगवेगळ्या मोठ्या घरांत दिलेल्या. हे काम वठलं तर ती चारही घरं मला मिळणार होती. बिघडलं तर गोषातल्या घरांत माझं नाव जाणार आणि मी पुन्हा घरात बसून प्लेटा धुणार. घराबाहेर पडायचं मला तेवढंच एक निमित्त होतं, ते मला सोडायचं नव्हतं.

यजमान बाहेर बैठकीत पुरुषांबरोबर चहा प्यायला बसले. मी पेटी आणि तिपाई घेऊन आत गेले. बायका भोवती जमल्या. एकीनं भात्याला बोट लावलं.

"मऊ हाय व माय!"

"अस्सल कातडं हाय," मी म्हटलं. "विलायती. आमच्या जुन्या यंत्राले कापडाचा भाता होता, तसं फालतू नाई हे. मीच पसंत केलं."

हे मी एकदा म्हटलं असतं तर चाललं असतं. मी प्रत्येकीला वेगळं सांगितलं. थोरल्या बाई खांबाला टेकून ऐकत होत्या. त्यांनाही जाऊन सांगितलं.

मग कामाला लागले. मागचं अंगण लहान होतं. एका बाजूला सोपा, समोर देवघर. सोप्याच्या आत अंधार, तिथे तोंडं उमटली नसती, म्हणून सगळ्यांना सोप्याच्या कडेला एका ओळीत बसवणं भाग होतं. अंगणाच्या लांबीकडून काढावं तर त्या बाजूला शेजारच्या माडीची खिडकी होती, म्हणजे गोषा मोडला. माझी पाठ देवघराच्या भिंतीला टेकेपर्यंत मी पेटी मागे नेली, फडक्यात डोकं घातलं आणि पाहिलं. दोन्ही टोकांच्या बाया काचेत नव्हत्याच. एका टोकाची सून गेली, दुसऱ्या टोकाची लेक गेली. आणखी मागे सरकायला जागा नाही. मी भिंतीला पाठ लावून पोट आत घेतलं, जसं काही माझ्या पोटामुळे फोटो अडला होता.

यजमानांचं भिंग मला तिथे आठवलं. बाहेर बैठकीतून त्यांच्या हसण्याचा आवाज येत होता.

मी डोकं बाहेर काढलं आणि मोठ्या ऐटीत म्हणाले, "मायजी, दोन फोटो काढू. पयले लेकी, मंग सुना. तुमी दोनीत."



"पयले लेकी काऊन?" थोरली सून म्हणाली. "घर आमी चालवतो. आमी काय दुसऱ्या पंगतीले बसाचं?"

"पाहुन्या आमी हाव," थोरली लेक म्हणाली. "पाहुन्याले कोनी दुसऱ्या पंगतीले बसवते काय?"

"मंग पयले सुना काढू," मी म्हटलं.

"अन् आमी उष्टं-खरकटं खाऊ," दुसरी लेक म्हणाली.

फोटोलाही पहिली आणि दुसरी पंगत असते हे मला यजमानांनी शिकवलं नव्हतं. त्यांच्याकडे येणारे कारकून पगाराच्या क्रमानं आपोआप बसायचे. इथे तसा क्रम कोणी लावून ठेवला नव्हता, आणि तो मी लावायला निघाले होते. थोरल्या बाईंनी हात वर केला तेव्हा सगळ्या थांबल्या.

"मलेच काहाडा त्यातून," त्या म्हणाल्या. "माह्ये लाकडं स्मशानात गेलेत. माह्यं तोंड कोनाले पाह्यचं हाय?"

आठही जणींनी एकसुरात नाही म्हटलं. बाईंनाही तेच ऐकायचं होतं. त्या परत मधोमध बसल्या. आम्ही होतो तिथेच राहिलो.

मग मला देवघर दिसलं. इतका वेळ मी त्याच्या भिंतीला पाठ घासत होते. त्याचं दार बरोबर सोप्यासमोर, आत चांगली खोली. पेटी दाराच्या आत मांडली तर नऊच्या नऊ येणार. मी तसं सांगितलं. बाई विचारात पडल्या.

"जागा देईन मी. पन देवघरात कातडं कसं येईन?"

मी म्हटलं, "देवासमोर मृदंग वाजतेच ना, मायजी? त्याले कातडंच असते."

"मृदंग देवासाठी वाजते. तुह्यं यंत्र देवाकडं पाठ करून हुबं राहीन. अन् तूही तशीच, वाकून."

हे खरं होतं. फडक्याखाली वाकलेल्या माणसाची देवाकडे कोणती बाजू होते, ते सांगायला नको. पण ते पडदा लावून भागलं असतं. कातड्याला इलाज नव्हता. जुनी पेटी आणली असती तर तिचा भाता कापडाचा होता, सरळ देवघरात गेली असती. नवीन पेटीला कातडं आहे हे मी स्वतः घरभर सांगून ठेवलं होतं, कोणी विचारलेलं नसताना.

मी पेटी आवरायला घेतली. थोरल्या बाई जवळ आल्या. त्यांनी भात्याला हात लावला नाही, लांबून पाहिलं.

"बाई, तू किती शिकेल हाय?"

"चौथी."

"मंग हे विलायती कातडं हाय, हे तुले कसं समजलं?"

"दुकानदाराच्या कागदावर लिहेल होतं. यजमानानं वाचून सांगतलं."

"दुकानदार नेहमी खरंच लिह्यते काय?"

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांना नऊ जणी एका फोटोत हव्या होत्या, माझ्यापेक्षा जास्त हव्या होत्या. धर्म त्यांना मोडायचा नव्हता. मोडायची असेल तर माझी ऐट मोडायची होती, आणि ती मोडायला त्यांची काही हरकत दिसली नाही.

मी भात्याची एक घडी मिटली आणि परत उघडली. सकाळपासून त्या कातड्यावर मी किती चढले होते! चार सुना, चार लेकी समोर बसल्या होत्या. मला तोंड उघडायला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ प्लेटेला उजेड लागला असता तर ती जळून गेली असती.

"खरं सांगू काय, मायजी," मी म्हटलं, "मेणकापड हाय. फसवलं आमाले दुकानदारानं."

सगळ्यांत आधी धाकटी लेक हसली. "तरीच! मले केव्हाचा मेणाचा वास येऊन राह्यला होता."

"मंग मघा अस्सल अस्सल काय करत होती व?" थोरली सून म्हणाली.

"अब्रू झाकत होती."

मग सगळ्याच हसल्या. एकीनं येऊन भात्याला परत बोट लावलं आणि म्हणाली, हो, हे तर खरखरीत आहे. थोरल्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी उपरणं मागवलं आणि देवांपुढे पडदा बांधला. त्या घरात आता देवांनाही गोषा झाला. मी पेटी देवघरात नेली, वाकले, काचेवर नऊ जणी उलट्या पाहिल्या आणि झाकण काढलं.

फोटो चांगला आला. फक्त नऊही जणींचे ओठ असे आवळलेले की पोटात कळ आली असावी. त्या हसू दाबत होत्या. कशावर, ते फोटोत दिसत नाही, कारण ते फडक्याखाली होतं.

यजमानांना मी एवढंच सांगितलं की बसल्या सगळ्या. पण लेकी आपापल्या घरी गेल्या आणि फोटोआधी गोष्ट पोचली. बिचारी फोटोवाली, मेणकापडाची पेटी गळ्यात मारली तिच्या. चारही घरांतून बोलावणी आली, अर्धी फोटोसाठी आणि अर्धी कीव करायला. प्रत्येक घरात दारातच विचारायचे, तेच मेणकापडाचं ना? मग आण आत, देवघरात. भिंग आम्ही फार पुढे घेतलं, आणि तोवर त्यावाचून काही अडलं नाही. देवांनी कधी तक्रार केली नाही. केली असती तर मी त्यांना दुकानदाराकडे पाठवलं असतं.

एका बाजाराच्या दिवशी यजमान तापून घरी आले.

"लोक मले इचारून राह्यले, काऊन हो, मेणकापड घेतलं म्हने तुमी! कोनं उठवलं हे?"

"मी."

मग मला सगळं सांगावं लागलं. ते नव्या पेटीपाशी बसले.

"म्हंजे गावात अडानी मी ठरलो."

"हो."

"अन् पेटी पसंत कोनं केली?"

"अमडापूरहून सांगावा आला हाय," मी म्हटलं. "दोन घरं हायेत. इचारून राह्यले, तेच यंत्र आनता ना?"

ते उठले. एरंडेलाची बाटली घेतली, चिंधी घेतली. कातडं कोरडं पडून तडकू नये म्हणून महिन्यातून एकदा ते भात्याला तेल चोळायचे, दुकानाच्या दारात बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत. त्या दिवशी त्यांनी दाराला आतून कडी घातली आणि मग तेल चोळलं.