दसऱ्याच्या कुंकवातला टॉर्क रेंच

टॉर्क रेंचवरचं कुंकू जसंच्या तसं होतं. दांड्यावर हळदीची दोन बोटं, मधोमध कुंकू आणि झेंडूची एक पाकळी वाळून चिकटलेली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी नऊला, मी गॅरेजमधली पूजा आवरत होतो. रेंच उचलून उजेडात धरला. काल दुपारी याच रेंचने विलीच्या गाडीचे दहा बोल्ट आवळायचे होते. पण त्याला कोणी बोटसुद्धा लावलेलं दिसत नव्हतं.

टॉर्क रेंच म्हणजे बोल्ट किती घट्ट बसला ते सांगणारा पाना. आकडा लावायचा आणि ओढायचं. तेवढा जोर पोचला की तो कट् करतो. ऐंशीच्या दशकात मरोळच्या माझ्या गॅरेजात असा एकच रेंच होता. आमच्याकडे यायच्या टॅक्स्या, त्यांना त्याची गरज क्वचितच पडायची.

विलीच्या गाडीला मात्र होती. विल्फ्रेड मरोळ गावठाणातला, बँकेत क्लार्क. त्याने आणि त्याचा धाकटा भाऊ डेन्झिलने कुर्ल्याच्या भंगारातून दोन सीटची एक जुनी इंग्रजी स्पोर्ट्स कार उचलून आणली होती. सात वर्षं दर रविवारी दोघं तिच्यात डोकं खुपसून बसायचे. मग डेन्झिल गल्फला गेला आणि तिथून सुटे भाग धाडू लागला. आता तो महिन्याच्या रजेवर आला होता. घाटावरच्या एका जुन्या धावपट्टीवर रविवारी शर्यत होती आणि सोमवारी त्याचं परतीचं विमान. दोघांनी मिळून जुळवलेली गाडी धावताना त्याला बघायला मिळणार होती ती एवढ्या एका रविवारी.

गिअरबॉक्सचं काम महिन्यापूर्वीच उरकलं होतं. मूळच्या गिअरबॉक्समध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये फार अंतर होतं. गिअर बदलला की इंजिन धापा टाकायचं. रस्त्यावर ते चालून जातं, शर्यतीत नाही. म्हणून आम्ही चारही गिअर जवळजवळ आणणारा सेट बसवला. त्यात काही वांधा झाला नाही.

घोळ झाला तो मागच्या डिफरन्शियलमध्ये. गाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. दोघांना वेगवेगळं फिरू देणारी ही पेटी. पण गाडी जोरात वळली की आतलं चाक हलकं होतं, सगळी ताकद तिकडेच जाते आणि ते जागच्या जागी भिरभिरत राहतं. डेन्झिलने आणलेल्या नव्या पेटीत घर्षणाच्या चकत्या होत्या. त्या दोन्ही चाकांना थोडंफार बांधून ठेवतात, त्यामुळे गाडी वळणातून खेचत बाहेर येते. या पेटीवर क्राउन नावाचं मोठं दातेरी चाक दहा बोल्टांनी बसतं. जुन्या पेटीत बोल्ट फिरू नयेत म्हणून लॉकच्या पट्ट्या होत्या. नव्या पेटीवर त्या बसत नव्हत्या. सगळी भिस्त बोल्टांच्या घट्टपणावर. वेगात एखादा ढिला होऊन आत पडला तर मागची चाकं जाम होतात, आणि मग गाडी कुठे जाईल ते ड्रायव्हरच्या हातात राहत नाही.

ही पेटी कस्टममधून सुटून आमच्या हातात पडली गुरुवारी संध्याकाळी. शुक्रवारी दसरा.

बाबलकाका माझे मुख्य मिस्त्री. मालवणकडचे, पंचावन्नच्या पुढचे, कमी बोलणारे. त्यांना मी ओरडूनच विचारलं, "काका, काल क्राउनचे बोल्ट कशाने आवळलेत?"

"रिंग पान्यान."

"आणि हा रेंच?"

"तो पूजेत होतो, भाऊ. देवापुढची वस्तू त्या दिवशी उचलूची नसता."

"मग मला सांगायचं ना. मी उचलला असता."

"तुमी तरी कशे उचलतल्यात?" ते शांतपणे म्हणाले. "तुमीच सांगलात, आज पेटी बंद करा म्हणान. केलंय. तीस वर्सां ह्याच काम करतंय. हाताक कळता माका."

मी तापट माणूस. तोंडात बरंच काही आलं होतं. पण नजर रेंचवर गेली. पूजा मीच मांडली होती. कोनाड्यासमोर पाट ठेवून, गॅरेजातली सगळ्यात भारी वस्तू म्हणून रेंच मीच मधोमध ठेवला होता. त्यावर कुंकू लावलं आणि वळून काकांना सांगितलं, आज सुट्टी नाही, संध्याकाळपर्यंत पेटी बंद झाली पाहिजे. इतकी वर्षं दसऱ्याला पाना न उचललेला माणूस माझ्या शब्दाखातर कामाला बसला होता. मला स्वतःची लाज वाटली.

साडेनऊला विली आला. टोपी, गॉगल, काखेत शर्यतीचं हेल्मेट. दुपारी दोनला धावपट्टीवर प्रॅक्टिस होती. प्रॅक्टिसच्या वेळेवरून रविवारी कोण पुढे उभा राहणार ते ठरायचं. डेन्झिल सकाळीच बसने पुढे गेला होता.

मी त्याला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

"उघडून बघायला किती वेळ?"

"पाच तास. प्रॅक्टिस गेली समज. उद्या शेवटच्या लाइनीत उभा राहशील."

"आणि नाही उघडलं तर?"

"काही होणारही नाही कदाचित. काकांचा हात मला माहीत आहे. पण मी तुला ठीक आहे असं सांगणार नाही."

विलीने टोपी काढली. ती गाडीच्या बॉनेटवर ठेवली. मग काकांकडे वळला. "काका, तुमचा पोरगा या गाडीत बसणार असता तर तुम्ही त्याला पाठवला असता?"

काकांनी हात पुसता पुसता विचार केला. 

"नाय," ते म्हणाले.

"मग खोला यार. डेन्झिलला मी सांगतो काय ते."

आम्ही तिघं कामाला लागलो. तेल काढलं, मागच्या चाकांचे दोन्ही दांडे ओढले, पेटी बाहेर घेतली. काकांनी मी न सांगता रेंचवरचं कुंकू ओल्या फडक्याने पुसलं, नमस्कार केला आणि आकडा लावला. पहिला बोल्ट, जागचा न हलता कट्. दुसरा, कट्. ओळीने नऊ बोल्ट तसेच. टॉर्क रेंचशिवाय, साध्या रिंग पान्याने, नुसत्या हाताच्या अंदाजावर त्या माणसाने नऊ बोल्ट हवे तेवढे घट्ट केले होते. विली हसायला लागला.

दहावा फिरला. पाव फेरा फिरला आणि मग कट् झालं.

काका खाली बसले. "ह्या बोल्टाच्या टायमाक तुमी सोना घेवक हाक मारलात," ते हळू आवाजात म्हणाले. "उठलंय. परत येवन दुसऱ्या कामाक लागलंय. चूक माझी."

आपट्याची पानं वाटायला मीच त्यांना बोलावलं होतं. आधी काकांच्या हातात सोनं द्यायचं हा माझा दर वर्षीचा आग्रह. "चूक तुमची एकट्याची नाही, काका," मी म्हणालो. 

गाडी अडीचला तयार झाली. विलीने काकांना बाजूच्या सीटवर बसवून घाटावर नेलं. बोल्टावर नजर ठेवायला, असं म्हणाला. मी रविवारी पहाटेच्या बसने पोचलो.

बारा गाड्या होत्या. विली शेवटून पहिला. सरळ धावपट्टीवर मोठ्या इंजिनच्या गाड्या त्याला जवळ येऊ देत नव्हत्या. पण दोन्ही टोकांना आखूड वळणं होती. तिथे बाकीच्यांची आतली चाकं नुसता धूर काढायची आणि आमची गाडी दोन्ही चाकांनी जमीन धरून निघायची. दर फेरीला एखादी गाडी मागे पडत होती. डेन्झिल तेलाच्या रिकाम्या ड्रमवर उभा राहून बोटांवर मोजत होता. काका त्याचा पाय धरून, तो पडू नये म्हणून.

विली पाचवा आला. प्रॅक्टिस मिळाली असती तर तिसरा आला असता, असं डेन्झिल म्हणाला आणि भावाच्या गळ्यात पडून रडला. काका बाजूला जाऊन मागच्या पेटीला हात लावून बघत होते. फार तापली नव्हती.

पुढच्या महिन्यात मी दुसरा टॉर्क रेंच घेतला. पण शिकलो ते वेगळंच. अवजार देवापुढे ठेवायचं तर त्या दिवशी काम काढू नये, आणि काम काढायचं तर अवजार देवापुढे ठेवू नये. दोन्ही एकाच दिवशी करायला निघालेला शहाणा मी होतो.

पुढच्या दसऱ्याला मी एकच रेंच पूजेत ठेवला. बाबलकाकांनी दुसराही आणून त्याच्या शेजारी ठेवला, दोघांना कुंकू लावलं, माझ्या हातात आपट्याचं पान दिलं आणि गॅरेजला कुलूप घालून किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.